मुलांच्या बुटांची परीक्षा कुठे घ्यायची?

आधी माझे म्हणणे सांगून टाकतो. मुलांच्या ट्रेकिंगच्या बुटांची बहुतेक परीक्षा इमारतीच्या जिन्यात, सोसायटीच्या आवारात आणि पावसाळ्यातल्या साध्या सोमवार-मंगळवारी होते. गडावर तपासण्यासारखी एकच मोठी गोष्ट उरते, ती पकड. आणि तीही आपण सहसा भलत्या जागी तपासतो. डोंगरात मुरलेल्या माणसांना हे पटत नाही, आणि त्यांची कारणे हलकी नाहीत. म्हणून जुन्या शास्त्रग्रंथांची रीत उसनी घेतो: पूर्वपक्षाला आधी बोलू द्यायचे, तेही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मग उत्तर द्यायचे. इथला पूर्वपक्ष कुणा एकाचा नाही. मुलांच्या तुकड्या गडावर नेणारे, दुकानात काउंटरपलीकडे उभे असणारे आणि ‘आमचा सगळा सह्याद्री हंटर शूजवर झाला’ असे सांगणारे, या साऱ्यांचा मिळून तो एक आवाज आहे.

पूर्वपक्ष: अहो, बूट कशासाठी घेतला? गडासाठी. मग परीक्षा गडावरच व्हायला हवी. लिफ्टने उतरून रिक्षात बसणाऱ्या मुलाच्या पायात तो काय सिद्ध करणार? राजगडाच्या चोरदरवाज्याच्या वाटेवर, तिकोन्याच्या उभ्या पायऱ्यांवर, दिवाळीनंतरच्या घसाऱ्यावर तो काय करतो ते बघा. आणि तुम्ही म्हणता तसा तो रोज घातला तर तळव्याची नक्षी गुळगुळीत होणार. तसला बूट घालून मुलाला कड्याशी नेणार का? आमचा सल्ला साधा आहे. ट्रेकचा जोड वेगळा ठेवा. आल्यावर धुवा, सावलीत वाळवा, पुढच्या ट्रेकपर्यंत कपाटात.

उत्तरपक्ष: हा सल्ला मोठ्यांच्या पायाला लागू पडतो, कारण मोठ्यांच्या पावलाची वाढ थांबलेली असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचे पाऊल महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढते. पुढे शाळकरी वयात वर्षाला पाऊण ते एक सेंटिमीटर. आपल्याकडच्या ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटरचा असतो. या जूनमध्ये नेमका बसलेला जोड पुढच्या जूनमध्ये एका नंबराने लहान झालेला असतो, आणि घरचे लोक वर्षातून चार-सहा वेळाच डोंगरात जात असतील तर तळव्यावरची नक्षी तोवर जवळपास कोरी असते. मोठ्यांचा बूट झिजून निकामी होतो, मुलांचा लहान होऊन. झीज डोळ्यांना दिसते. लहान झालेला बूट मात्र बाहेरून तसाच देखणा राहतो. ऑस्ट्रियातल्या बालवाड्यांमधल्या ८५८ मुलांची पावले आणि बूट मोजून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाहेर घालायचे सुमारे ६९ टक्के जोड पायाला आखूड निघाले आणि घरात घालायचे तर जवळपास ८९ टक्के. बूट जितका आखूड, तितका अंगठा शेजारच्या बोटांकडे जास्त झुकलेला. पायताणांच्या बाबतीत काटेकोर म्हणवणाऱ्या देशातली ही स्थिती. मुले याची तक्रार फारशी करत नाहीत. त्या वयातले पाऊल मऊ असते, दाबले तर दबते, आणि बूट आवडत्या रंगाचा असेल तर ‘टोचतो का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येते.

कपाटातला जोड नेमका इथे दगा देतो. तीन महिन्यांनी तो निघतो तो थेट पहाटेच्या अंधारात, गाडी खाली उभी असताना. सपाटीवर आखूड बूट लपून जातो. चढतानाही जातो, कारण तेव्हा भार चवड्यावर असला तरी टाच मागेच राहते. उतारावर पाऊल पुढे सरकते आणि अंगठा टोकाला ठोकर खातो. लोहगडाच्या पायऱ्या चढताना उड्या मारणारे मूल उतरताना रडू लागते, आपण म्हणतो दमले. घरी मोजे काढल्यावर नख काळे पडलेले दिसते. गडाने काही नवे सांगितले का? बुटातला आतला तळवा बाहेर काढून, त्यावर मुलाला उभे करून, अंगठ्याच्या पुढे बारा-एक मिलिमीटर जागा आहे का हे पाहिले असते तर आदल्या आठवड्यातच कळले असते. ही चाचणी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला जे जाड मोजे घालायचे तेच घालून करावी. आणि दर दोन-तीन महिन्यांनी करावी. रोज घातला जाणारा बूट हे आपोआप दाखवत राहतो. टाचेवर लाल वण उठला, मूल जिना उतरताना पाय तिरके टाकू लागले, बूट घालायला अचानक वेळ लागू लागला, तर बघणाऱ्याला समजते. नक्षीच्या झिजेचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. त्याकडे पकडीच्या वेळी येऊ.

पूर्वपक्ष: मग एक नंबर मोठा घ्या की! वाढत्या अंगाचे कपडे घेतो तसा वाढत्या पायाचा बूट. पुढे कापूस कोंबायचा, दोन वर्षे निश्चिंती. आपल्या आई-वडिलांनी हेच केले.

उत्तरपक्ष: केले, आणि सपाट रस्त्यावरच्या शाळेसाठी ते कसेबसे निभावलेही. ढगळ सदऱ्याने काही बिघडत नाही, पण ढगळ बूट उतारावर आखुडाइतकाच वाईट वागतो. पाय आत पुढे-मागे सरकतो, टाच उचलली जाते, फोड येतात, आणि मुख्य म्हणजे पाऊल कुठे टेकले हे मुलाला नीट उमगत नाही. शिवाय बूट जिथे वाकतो ती जागा आणि पाऊल जिथे वाकते ती जागा एकमेकांपासून सुटतात. कापूस पुढची पोकळी भरतो, ही जागा परत आणत नाही.

मोठा नंबर घेण्यामागे काटकसरीखेरीज आणखी एक कारण असते, ते फारसे बोलले जात नाही: रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले मोजली. भारतीय पावले युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असतात, आणि रुंदी मिळावी म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात, असे त्यातून पुढे आले. त्याच आधारावर ‘भा’ नावाची देशी मापपद्धती सुचवण्यात आली. मुलांचे ट्रेकिंगचे बूट बहुधा परदेशी साच्यांवर बेतलेले असतात, त्यामुळे चवड्याशी अरुंद. नंबर वाढवला की चवडा सुटतो आणि टाच सैल पडते. अशा वेळी दुसरा नंबर मागण्यापेक्षा दुसरा साचा, म्हणजे दुसऱ्या बनावटीचा बूट बघावा. दुकानात एवढी चिकाटी दाखवणे अवघड असते हे खरे. मागे रांग असते, मूल चमकणाऱ्या दिव्यांच्या बुटांकडे पळालेले असते.

पूर्वपक्ष: तुमच्याच युक्तिवादाने मग बूटच नकोत. गडाखालच्या वाड्यांमधली पोरे अनवाणी कड्याकड्याने जातात. त्यांच्या पायांत दोष निघत नाहीत, ते शहरातल्या बूटवाल्यांच्या पायांत निघतात. हे आम्ही नाही, डॉक्टरच सांगतात.

उत्तरपक्ष: डॉक्टर सांगतात हे बरोबर आहे, पण ते काय सांगतात ते पूर्ण ऐकावे. राव आणि जोसेफ यांचा १९९२ सालचा भारतातलाच अभ्यास या विषयात जगभर सांगितला जातो. चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे त्यांनी तपासले. पायताण वापरणाऱ्यांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. पण त्याच अभ्यासात मधली एक पायरी आहे. प्रमाण सर्वांत जास्त पुढून बंद बूट घालणाऱ्यांत होते, सँडल-चप्पलवाल्यांत कमी, आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी. म्हणजे पाऊल जितके कोंडले, तितका फरक. लहानपणी बंद बूट घालणे तळव्याच्या कमानीच्या वाढीला बाधक दिसते, असा त्यांचा निष्कर्ष. अशा पाहणीत पायताणाखेरीज राहणीमानाचाही वाटा असू शकतो, ही मर्यादा धरूनच तो वाचावा.

त्यातून मुलाला अनवाणी गडावर न्यावे असे निघत नाही. वाडीतल्या मुलाचा तळवा पहिल्या पावलापासून त्या मातीवर तयार झालेला असतो. फरशीवर वाढलेल्या मुलाला एप्रिलच्या तापलेल्या कातळावर अनवाणी सोडणे म्हणजे दुसऱ्याची कमाई आपल्या नावावर मांडणे. करवंदीचे काटे, फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि गवतात न दिसणारा साप यांच्यापुढे हाडांचे शास्त्र कामाला येत नाही. त्या अभ्यासातून निघते ती बुटाची कसोटी: बूट अनवाणी पायाच्या जितका जवळ जाईल तितका बरा. चवड्याशी रुंद, तळव्याशी लवचीक, वजनाला हलका. ही लवचिकता बोटांनी वाकवून बघायची आणि मग मुलाच्या वजनाने बघायची, कारण इथे मोठी गफलत होते. दुकानात तुम्ही-आम्ही हातांनी जोर लावतो तेव्हा बूट वाकतो. वीस-बावीस किलोच्या मुलाखाली तोच तळवा फळीसारखा ताठ राहतो. मोठ्यांचा नमुना आक्रसून लहान मापात काढला, तळव्याची जाडी मात्र तेवढीच ठेवली, की असे बूट तयार होतात. यासाठी गड नको. मुलाला चवड्यावर उभे राहायला सांगा, उकिडवे बसायला सांगा, जिना दोनदा चढ-उतर करायला लावा. टाच बुटातून निसटत असेल, किंवा पाय न वाकवता मूल सबंध तळवा आपटत चालत असेल, तर तो बूट मुलाला चालवतो आहे.

पूर्वपक्ष: लवचीक, हलका, सगळे ठीक. पण घोटा मुरगळला तर? आणि पाणी शिरले तर? उंच गळ्याचा आणि वॉटरप्रूफ, या दोन गोष्टींशिवाय आम्ही बुटाला ट्रेकिंगचा बूट म्हणतच नाही. या दोन्हींची परीक्षा तुमच्या जिन्यात होत नाही.

उत्तरपक्ष: घोट्याचे बोलायचे तर उंच गळा मुरगळणे रोखतो ही समजूत जितकी पक्की आहे तितका तिचा पुरावा पक्का नाही. १९९३ साली अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंना उंच आणि आखूड गळ्याचे बूट वाटून दिले आणि दुखापती मोजल्या. लक्षणीय फरक निघाला नाही. ते तरुण होते आणि लाकडी मैदानावर खेळत होते. पाठीवर सॅक घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलाला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘उंच गळा म्हणजे सुरक्षित’ एवढे बोलून मोकळे होणाऱ्यांना थांबवायला तो पुरे आहे. टाचेभोवती घट्ट बसणारा बूट घोट्यासाठी जास्त काम करतो, आणि टाचेची बैठक जिन्यात कळते. उंच गळ्याचा एक फायदा मी मान्य करतो: घसाऱ्यावरचे खडे आत कमी जातात.

पाण्याच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे. सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी मुलाला वॉटरप्रूफ बूट घेणे हा पैशांचा अपव्यय आहे. आतला जलरोधक पापुद्रा दवाने भिजलेल्या गवतासाठी, बर्फासाठी, रिमझिम पावसासाठी उत्तम. जुलैमध्ये विसापूरच्या पायऱ्यांवरून धबधबाच वाहत असतो. तिथे पाणी कापडातून येत नाही, वरून, मोज्यावरून ओघळून येते. मुलाच्या पोटरीएवढा ओढा लागला की बूट भरतो, आणि ज्या पापुद्र्याने पाणी बाहेर ठेवायचे तोच ते आत धरून ठेवतो. इथे लागतो पाणी सोडणारा आणि लवकर वाळणारा बूट. तो किती लवकर वाळतो हे ठरते रविवारी रात्री, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवल्यावर. सोमवारी सकाळी आत हात घालून बघावे. कुबट ओला बूट दमट हवेत दोन दिवस तसाच राहिला तर पुढच्या वेळी मूल तो घालणारच नाही, आणि त्यावर कुठलीच पकड उपयोगी नाही. रोजच्या वापरात अशा आणखी दोन बारीक गोष्टी उघड्या पडतात. चिकटपट्टीचे बूट सहा वर्षांच्या मुलाला स्वतः घालता येतात, हे मोठेच सुख. पण पावसाळा संपता संपता गवताची कुसळे त्या पट्टीत आणि जाळीच्या कापडात रुतून बसतात, मग पट्टी धरत नाही. आणि पुढचे टोक. मुले सायकल थांबवायला ब्रेकपेक्षा बुटाचे नाक जास्त वापरतात. टोकावर रबराचा पट्टा वर चढवलेला नसेल तर कापड तळव्यापासून सुटायला एक दिवाळीची सुट्टी पुरते. कुठल्याही गडावर इतकी कठोर चाचणी होत नाही.

पूर्वपक्ष: बरे, आता पकडीवर या. इथे तरी जिना सोडा.

उत्तरपक्ष: सोडला. पकड डोंगरातच तपासायला हवी, आणि इथे तुमचे पारडे जड आहे. प्रयोगशाळेतले घसरण-चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक साबणपाण्याने भिजवलेल्या सिरॅमिक फरशीसारख्या पृष्ठभागावर बेतलेले आहे. रुग्णालय आणि उपाहारगृह यांसाठी ते ठीक, दख्खनच्या बेसाल्टबद्दल ते काही सांगत नाही. पण गडावर परीक्षा घेणारेही बहुतेकदा दोन टोकांवर घेतात. कोरडा, खरखरीत कातळ कुठल्याही रबराला धरतो. त्यावर शाळेचे कॅनव्हासचे बूटही पास होतात. हिरवे शेवाळ धरलेल्या कातळावर महागातला महाग बूट नापास होतो. या दोन्ही जागी बुटाबुटांतला फरक कळत नाही, आणि दुसऱ्या जागी तर मुलाला न्यायचेच नाही. फरक कळतो मध्ये: ओला पण शेवाळ नसलेला कातळ, आणि उतारावरचा सुटा मुरूम. ओल्या कातळावर रबराचा मऊपणा मोजला जातो, नक्षीची खोली नाही. हंटर शूज आणि नंतर ‘ॲक्शन’चे स्वस्त ट्रेकिंगचे बूट महाराष्ट्रातल्या भटक्यांनी डोक्यावर घेतले ते त्यांच्या रबरासाठी. घसाऱ्यावर नक्षीचे काम असते, पण ते करायला वजन लागते. मोठ्या माणसाखाली खोल दाते मुरमात रुततात, हलक्या मुलाखाली त्यांची टोकेच टेकतात. लाल चिखलात तर अरुंद फटींची खोल नक्षी भरून सपाट होते, आणि मुलाच्या वजनाने ताठ तळवा वाकत नसल्याने चिखल झडतही नाही. मुलांसाठी उथळ, विरळ दात्यांचा, मऊ रबराचा तळवा बरा, तो दुकानात कमी रुबाबदार दिसला तरी. परीक्षा पायथ्याशी घ्यावी: ओढ्याकाठच्या गुडघाभर उंचीच्या ओल्या खडकावर, उताराच्या बाजूला मोठे माणूस उभे असताना. सबंध तळवा टेकवून आणि मग नुसती कड टेकवून उभे राहायला सांगावे. कळसूबाईच्या शिड्यांपर्यंत जाऊन मग बूट कसा आहे हे बघू, असा बेत कोणी आखू नये.

मऊ रबर डांबरावर लवकर झिजते हा तुमचा पहिला आक्षेप इथे खरा ठरतो. रोजच्या वापराने पकड कमी होते. पण बावीस किलोच्या मुलाखाली ती मोठ्यांइतक्या वेगाने झिजत नाही, आणि वर्षभरात बूट लहान होणारच असतो. सायकलचे टोक सोडले तर झीज आणि वाढ बहुधा बरोबरच मुक्कामाला पोचतात. न पोचल्यास, म्हणजे दाते आधी गेल्यास, जोड बदलावा लागेल आणि तो खर्च माझ्या सल्ल्याच्या खात्यावर पडेल.

पूर्वपक्ष: आणि शाळा? रोजचा वापर, रोजचा वापर म्हणता. मुलांचा निम्मा दिवस शाळेच्या काळ्या बुटांत जातो. तिथे तुमचा मातकट रंगाचा ट्रेकिंगचा बूट दारातूनच परत पाठवतील.

उत्तरपक्ष: याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. संध्याकाळचे खेळणे, क्लास, सुट्टीचे दिवस, आजोळची वारी एवढाच ‘रोज’ माझ्या हाती उरतो. बूट पायाला सवयीचा व्हायला तो पुरतो, पण मी वर जितक्या सहज बोललो तितका तो मोठा नाही. मात्र या आक्षेपाने दुसरीच अडचण पुढे आणली आहे. वर्षातून सहा दिवस घालायच्या बुटासाठी आपण चार दुकाने हिंडतो आणि ज्या बुटात पाऊल रोज पाच-सहा तास असते तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, ठरलेल्या दुकानातून, नंबर सांगून आणतो. तो बहुधा ताठ, अरुंद आणि वाढत्या मापाचा असतो. आतल्या तळव्याची चाचणी, चवड्यावर उभे राहण्याची चाचणी, दर दोन-तीन महिन्यांची मोजणी यांतली एकही गोष्ट ट्रेकिंगच्या बुटापुरती नाही. रंगाचा नियम शाळेने करावा. रुंदी आणि लवचिकता यांवर कुठलीही शाळा हरकत घेत नाही.

पूर्वपक्ष: ठीक. पण मोठ्याचा लहान झालेला, दाते शाबूत असलेला जोड आम्ही टाकून देणार नाही. धाकट्यासाठी माळ्यावर ठेवणार. त्यात तरी खोट काढू नका.

उत्तरपक्ष: माळ्यावर ठेवण्यातच खोट आहे. बऱ्याच बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या दमटपणाने त्याचे आतल्या आत विघटन होत राहते, बूट कोणी घातला नाही तरीही. कोकणात आणि मुंबईत तर वेगाने. वरून नवा दिसणारा जोड चार-पाच वर्षांनी धाकट्याच्या पायात जातो आणि भर वाटेत तळवा खरवडल्यासारखा सुटतो. मग सॅकमधली सुतळी निघते. ईव्हीएचा थर असेल तर हा धोका नाही, पण वर्षभर एका पायाने दाबून त्याचा एका बाजूचा मऊपणा गेलेला असतो. भावंडांत दोन वर्षांचे अंतर असेल तर द्यावा. आधी तो टेबलावर ठेवून मागून बघावा, टाच एकीकडे कललेली आहे का. मग दोन्ही हातांनी पुन्हापुन्हा वाकवावा, जोडाच्या रेषेवर अंगठा दाबून भुगा पडतो का पाहावे, आणि आतला तळवा नवा घालावा. अंतर पाच वर्षांचे असेल तर आज ज्याच्या पायात बसतो अशा शेजारच्या मुलाला देऊन टाकावा.